मानुएलाची वेल

मानुएलाने वेल लावली, तिच्या लेकीने, ऑब्दुलियाने, ती दगडी खांबांवर चढवली, आणि ऑब्दुलियाच्या डोसिंडाने तिचे छत शेजाऱ्याच्या बांधापलीकडे नेले. त्या डोसिंडाची लेक बाल्बिना. गालिसियाच्या त्या खाडीकाठी पुरुष समुद्रावर जात. वेली बायकांच्याच नावाने ओळखल्या जात. रिवाज असा, की द्राक्षे ज्याच्या जमिनीवर लोंबतील त्याची. पण वेलीला कापायचे पाते लावण्याचा हक्क, मूळ जिच्या जमिनीत तिचाच.

काढणी तोंडावर आली असताना भर दुपारी समुद्राकडून वादळ उठले. शेजारच्या अमारोची हाक ऐकून बाल्बिना बांध ओलांडून धावली. कोपऱ्यातला खांब बुडाशी तडकून अमारोवर झुकला होता. वरची आडवी शिळा निसटून त्याच्या पायावर पडली होती. छताला आधार देणाऱ्या तारा केव्हाच तुटल्या होत्या. खांबाला विळखा होता तो वेलीच्या दोन जाड फांद्यांचा. वारा शिरला की छत शिडासारखे फुगे आणि खांबाला अमारोच्या अंगावर ओढी.

त्याच्या हातात करवत होती.

"अरे गाढवा, कापत का नाहीस?"

"वेल तुझी. विचारल्याशिवाय कशी कापू?"

"आणि मेलास तर?"

"वर देवाघरी डोसिंडामावशी आहेच की. तिला विचारलं असतं."

पुढचा झोत आला. दगड करकरला. अमारोचे हसू पुसले गेले. "बाल्बिना, भीती वाटतेय गं."

तिने त्याच्या हातातली करवत घेतली. फांद्यांपर्यंत पोहोचायचे तर खांबाखालीच उभे राहणे भाग होते. ती उभी राहिली. करवतीचे दाते सालीवरून घसरत होते. पहिली फांदी तुटताच दगडाचा चुरा तिच्या मानेवर पडला. तिने वर पाहिले नाही. दुसरी तुटली, आणि छत घडांसकट बांधापलीकडे भिरकावले गेले. खांब थरथरला, आणि थांबला.

पहारीने शिळा उचलून तिने त्याला बाहेर ओढले.

तुटलेल्या वेलीकडे पाहत अमारो रडू लागला. "माझ्या एका पायासाठी एवढी वेल घालवलीस?"

"माझ्या जन्माच्या वेळी आई तापाने फणफणली होती. तुझ्या आईनं एका अंगावर तुला घेतलं, दुसऱ्यावर मला. सत्तर वर्षं ते दूध माझ्या डोक्यावर होतं." तिने पदराला पुसावेत तसे हात एप्रनला पुसले. "आज फिटलं. सगळं."