आठ किलोचा आकडा

खोटं कशाला बोलू, आरती मला पहिल्या दिवसापासून खुपते. माझी धाकटी जाऊ ती. बी.एस्सी. झालेली, तेही गणितात. प्रशांतभावजींनी लग्न करून आणली, तेव्हा आमच्या सासूबाई आठ दिवस गल्लीभर सांगत होत्या, "आमची धाकली लई शिकल्याली हाय." मग थोरली काय गोठ्यातून आणली होती? तरी जावाजावा अन् उभा दावा म्हणतात, तो आमच्याकडं नव्हता. एका अंगणात दोन चुली होत्या, ती तिच्या चुलीपुढं, मी माझ्या.

माझी गिरणी आहे, कोल्हारात, बाजाराच्या रस्त्याला. दळणही आहे आणि मिरची कांडपही आहे. नवरा कारखान्यावर कामाला, त्यामुळं गिरणीचं सगळं माझ्याच अंगावर. बाई मिरची घेऊन आली की काटा बघायचा आणि रक्कम सांगायची, एवढंच माझं शास्त्र. भिंतीवर दराची पाटी नाही, हातात वही नाही. अकरा वर्षांत एका रुपयाची चूक काढली नाही कुणी. आणि हीच मी दहावीला बीजगणितात बावीस मार्क पाडून घरी बसलेली. तेवढे बावीस मार्क माझ्या सासूला अजून पाठ आहेत.

तरी हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण आरतीनं माझ्या पोरीला हात घातला.

संस्कृती माझी एकुलती एक, नववीला. आधी ती शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्याकडं गिरणीत यायची, दारातूनच सगळं सांगायची. मिरचीच्या ठसक्यात पोरगी नको म्हणून मीच तिला आत थांबू देत नव्हते. मग हळूहळू ती दारातही यायची बंद झाली. काकूकडं गणित, काकूकडं चहा, वेणीसुद्धा काकूच्या हातची. संध्याकाळी मी अंगणातून यायची तर दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि मी आत पाय टाकला की हसणं बंद. माझं काळीज कसं जळायचं, ते मलाच माहीत.

डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान-गणित प्रदर्शन होतं, राहात्याला. तिथून ज्याचा नंबर येईल, तो नगरला जिल्ह्याला जाणार. संस्कृतीला नगरला जायचंच होतं. उठता-बसता तेच. तिनं विषय घेतला होता रोजच्या खर्चातली रेषीय समीकरणं. आणि आरतीनं युक्ती काय काढावी? म्हणे, "तुझ्या आईच्या कांडपाचा दर काय ते विचारू नकोस. किती किलोचे किती रुपये, एवढेच आकडे आण. आलेखावर ठिपके मांड. ते एका रेघेत आले की आईच्या डोक्यातला नियम आपण कागदावर शोधून काढू."

माझ्या डोक्यातला नियम म्हणे. मला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितला असता. कढई तापवून मिरची भाजायची, तिचे चाळीस, मग मिरची कितीही असो. आणि वर किलोला साठ. झालं. पण मला विचारायचं नाही, माझ्यावर संशोधन करायचं.

त्या दिवशी मी संस्कृतीला जेवायला बोलवायला आरतीच्या खोलीत गेले. जमिनीवर मोठा पांढरा कागद पसरला होता. खाली कोपऱ्यात शाईच्या पेनानं लिहिलं होतं, मार्गदर्शक : सौ. आरती प्रशांत. गिरणी माझी, मिरच्या मी कुटायच्या, पोरगी मी जन्माला घातली, आणि मार्गदर्शक ही. मी सगळा कागद वाचला. माझं नाव कुठंच नव्हतं.

"आई, एक किलोचे किती?" संस्कृतीनं विचारलं.

"शंभर."

"दोन?"

"एकशे साठ."

"पाच?"

"तीनशे चाळीस."

"आणि आठ?"

माझ्या तोंडात पाचशे वीस आले होते. समोर आरती पट्टी धरून बसली होती, गुडघ्यावर हनुवटी टेकवून, पोरीच्या अगदी खांद्याला खांदा लावून.

"पाचशे साठ," मी म्हणाले.

मनात आलं, काढ आता रेघ. बघू तुझी पदवी काय करते.

आरतीनं ठिपके मांडले आणि थबकली. तीन ठिपके एका रेघेत, चौथा वर उडालेला. "ताई, आठ किलोचा आकडा पुन्हा बघता का? काही गडबड वाटते," ती अगदी हळू म्हणाली.

"मी रोज पैसे घेते. माझी गडबड होत नसते."

"मग आपण तो ठिपका घ्यायचाच नाही," आरती संस्कृतीला म्हणाली. "सहा किलोचा घेऊ."

तर पोरगी उसळलीच. "का नाही घ्यायचा? आई म्हणतेय ना. आईचा हिशोब कधी चुकत नाही."

खरं तर तिथंच मला लाजेनं मरायला पाहिजे होतं. पण सांगते, मला बरं वाटलं. आरतीसमोर पोरगी माझ्या बाजूनं बोलली, एवढंच मी ऐकलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

प्रदर्शनाच्या दिवशी गिरणीला कुलूप लावून मी एसटीनं राहात्याला गेले. आरती आधीच पोचली होती. हॉलमध्ये मुलांच्या टेबलांच्या रांगा होत्या. संस्कृतीच्या टेबलावर कागद लावलेला, समोर एका वाटीत लाल मिरच्या ठेवलेल्या. परीक्षक म्हणून एक म्हातारे सर आले, चष्मा कपाळावर चढवलेला. पोरीनं समजावून सांगितलं, घाबरली नाही. उभा अक्ष रुपयांचा, आडवा किलोंचा, रेघ जिथं उभ्या अक्षाला कापते तिथं चाळीस. म्हणजे मिरची नसतानाही चाळीस, तर ते चाळीस कढईचे. सर खूश होऊन मान हलवत होते. मला आतून भरून आलं, कारण ते माझे चाळीस होते.

मग त्यांचं बोट चौथ्या ठिपक्यावर गेलं. "आणि हा बाहेर कसा गेला?"

"सर, आठ किलोला कढई पुन्हा लावावी लागत असेल," संस्कृती म्हणाली. "तरच आईनं जास्त घेतले असणार. माझी आई उगाच कुणाकडून पैसे घेत नाही."

"आई आल्यात का?"

मी पुढं झाले. माझ्याभोवती चार शिक्षक, पोरं, आणि मागं आरती. सरांनी हसून विचारलं, "बाई, तुम्ही तोंडी हिशोब करता म्हणे. तीन किलोचे?"

"दोनशे वीस."

"साडेचार?"

"तीनशे दहा."

कुणीतरी वा म्हणालं. दोन बाया एकमेकींकडं बघून हसल्या. माझी मान वर झाली. मनात म्हणलं, बघ आरती, पट्टी नाही, कागद नाही, डिग्री नाही.

"सहा?"

"चारशे."

"सात?"

"चारशे साठ."

"आठ?"

"पाचशे वीस."

अकरा वर्षांची सवय. डोक्याला कळायच्या आधी तोंडातून गेलं. परत घ्यायला जागाच उरली नाही.

सरांनी पुन्हा चौथ्या ठिपक्याकडं बघितलं. संस्कृती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. गणित सोडवताना बघते तशी, कुठं चुकलं ते शोधत. आणि तिला ते सापडलं, हे मला दिसलं.

तेवढ्यात आरती पुढं आली. "सर, चूक माझी आहे. आकडे मी उतरवले. ऐकण्यात चूक झाली असेल."

माझी चूकही हिनंच घ्यायची. तेवढा मोठेपणाही मला उरू द्यायचा नाही. त्या घटकेला, खरं सांगते, मला तिचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नाही.

"नाही सर," संस्कृती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "काकू तर हा ठिपका नको म्हणत होती. मीच ऐकलं नाही. आईनं सांगितला म्हणून मी घेतला."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, तिच्या पाठीवर थोपटलं आणि पुढच्या टेबलाकडं गेले. नंबर आला नाही. नगरला एक मुलगा गेला, पाण्याच्या टाकीचा आलेख घेऊन.

एसटीत ती खिडकीशी बसली, मी शेजारी, आरती मागच्या सीटवर. बाभळेश्वरपर्यंत मी वाट बघितली, ती विचारेल म्हणून. का सांगितलंस खोटं, असं एकदा विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, माझा सगळा जळफळाट तिच्यापुढं ओतला असता. तिनं विचारलं नाही. घरी आल्यावर ती काकूकडंही गेली नाही. एकटीच बसून राहिली. पूर्वी मला हेच पाहिजे होतं.

रविवारी दुपारी ती गिरणीत माझा डबा घेऊन आली. रंगुबाईंची मिरची कुटून झाली होती, साडेतीन किलो. मी नेहमीसारखं सांगितलं, "अडीचशे झाले."

रंगुबाईंनी कमरेची पिशवी सोडली. त्या पैसे काढत होत्या, तेवढ्यात संस्कृती म्हणाली, "मावशी, थांबा जरा."

तिनं डबा खाली ठेवला आणि काट्याकडं बघितलं. ओठातल्या ओठात गुणाकार केला, त्यात चाळीस मिळवले.

"बरोबर आहे," ती रंगुबाईंना म्हणाली. "द्या तिला."