पुढची वजनं

प्रफुल्लच्या कांद्याच्या रानात ट्रॅक्टरनं तिसऱ्यांदा तोंड उचललं, तेव्हा रोहिणीनं दात-ओठ खात क्लच दाबला. चार महिने पाणी पिऊन आणि मग उन्हाळ्यात तापून ते काळं रान विटेसारखं घट्ट झालं होतं. मागचा पलटी नांगर जमिनीत घुसला की मोठी चाकं जागच्या जागी गरगरायची, धुरळा उडायचा आणि पुढची दोन चाकं वीतभर अधांतरी. अधांतरी चाकांचं स्टिअरिंग फिरवून उपयोग काय?

सहा वर्षं ती चांदवडच्या आसपासच्या चार-पाच गावांत नांगरट करत होती. बाई ट्रॅक्टर चालवते म्हणून रस्त्यात थांबून बघणारे आता थांबत नव्हते. ट्रॅक्टर मात्र जुना घेतलेला, आणि आधीच्या मालकानं पुढची लोखंडी वजनं काढून स्वतःकडेच ठेवली होती. हलक्या अवजारांना ती कधी लागली नाहीत. पलटी नांगर यंदाच आणलेला. त्याच्यापुढं ट्रॅक्टर हलका पडतोय हे कळायला तिला आजचा दिवस उजाडावा लागला, म्हणून ती आधी स्वतःवरच चिडली होती.

प्रफुल्ल बांधावर उभा राहून बघत होता. शेत त्याचं, कांद्याची चाळही त्याचीच. चाळीच्या सावलीत सात-आठ बाया कांदा निवडत बसल्या होत्या. त्यानं तिकडं तोंड करून हाक मारली.

"ठमाबाई, रूपाली, या बरं इकडं. पुढं बसा जरा ट्रॅक्टरवर."

दोघी लगेच उठल्या. साठीच्या ठमाबाईनं पदराला हात पुसले, चप्पल बाजूला काढली आणि काही न विचारता बंपरवर पाय ठेवला. पाटावर बसायला सांगावं इतक्या सहज.

रोहिणीनं इंजिन बंद केलं. चावी काढून मुठीत धरली.

"मावशी, खाली उतरा."

"काय झालं?" प्रफुल्लनं विचारलं.

"माणूस बसवून मी नांगरत नाय."

"अहो रोहिणीताई, पाच तासांचा तर प्रश्न आहे. सगळीकडं बसतात की."

"मग तुम्ही बसा. तुमचं वजन या दोघींएवढं हाय."

चाळीकडं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. प्रफुल्लचा चेहरा लाल झाला.

"दुपार टळेस्तोवर थांबा," रोहिणी म्हणाली. "मी वजनाची सोय करून येते."

"मला थांबायला वेळ नाही. वाल्मीकचा ट्रॅक्टर बोलावतो मी. त्याचे नखरे नसतात."

ती नांगर उचलून निघाली. घर येईस्तोवर कानशिलं तापलेलीच होती.

बावीस वर्षांपूर्वी, ती अकरा वर्षांची असताना, बापाची भाकरी घेऊन अशाच एका रानात गेली होती. तिचा बाप सहादू ट्रॅक्टरच्या तोंडावर बसला होता. तिला बघून त्यानं हात हलवला. तेवढ्यात नांगर दगडाला अडला, तोंड उचललं आणि धाडकन आपटलं. सहादू खाली आणि पुढचं चाक त्याच्या मांडीवर. पाय राहिला, पण सरळ कधी झाला नाही. तेव्हापासून तिनं त्या रानाच्या मालकाला मनातल्या मनात रोज शिव्या दिल्या होत्या. तो मरून गेला तरी तिचं चालूच होतं.

हायवेलगतच्या भंगारवाल्याकडं मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरची चार वजनं मिळाली, एकेक चाळीस किलोचं. ती पुढं अडकवून तिनं अंगणात मागचं चाक जॅकवर उचललं, व्हॉल्व्ह वरच्या अंगाला आणला, आतली पिन काढली आणि चाक जड व्हावं म्हणून टायरमध्ये पाणी सोडलं. सहादू काठी टेकत आला आणि नळी धरून उभा राहिला.

"पाऊण टायर भर. पुरा नको," तो म्हणाला.

"माहीत हाय." तिचा आवाज चढलेलाच होता. "तो प्रफुल्ल ठमामावशीला तोंडावर बसवत होता. बाबा, तुम्हाला त्या मालकानं बसवलं तेव्हा तुम्ही नाय का म्हणाला नाहीत?"

सहादूनं नळीकडंच बघत सांगितलं, "त्यानं नव्हतं बसवलं."

"म्हंजे?"

"तोंड उचलतंय, एवढंच म्हणला तो. मी आपणहून जाऊन बसलो."

"का पण?"

"का म्हंजे? तिथं दुसरं कोण बसणार व्हतं?"

रोहिणीच्या हातातला पाना तसाच राहिला. इतकी वर्षं ती त्या मालकाला धरून बसली होती आणि त्या माणसाला साधं सांगावंसुद्धा लागलं नव्हतं. आता कुणाला शिव्या द्यायच्या? पाना हौदावर आपटावा असं तिला वाटलं. तिनं तो गच्च धरून दुसऱ्या चाकाचा व्हॉल्व्ह उघडला.

चारच्या सुमाराला ती परत रानावर पोचली. वाल्मीकचा ट्रॅक्टर चालू होता. त्याच्या तोंडावर, हेडलाइटची पट्टी दोन्ही हातांनी धरून ठमाबाई एकटीच बसली होती. डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून तिनं ते मिटून घेतले होते. रूपाली दुपारी बसायला नाही म्हणाली होती आणि खाली मान घालून चाळीत कांदा निवडत होती.

रोहिणीनं आपला ट्रॅक्टर लांबूनच वाल्मीकच्या नांगरटीच्या वाटेत आडवा घातला. त्याला थांबावंच लागलं.

"ताई, तुझं काय जातंय?" वाल्मीक ओरडला.

ती चढून वर गेली, त्याच्या ट्रॅक्टरची चावी फिरवली आणि खाली आली. "मावशी, उतरा."

ठमाबाई उतरली नाही. उलट तिच्यावरच उखडली. "तू जाशील तुझा ट्रॅक्टर घेऊन घरी. उद्या कामाला मला ह्याच्याच दारात यायचंय. तुझा राग तुला परवडतो."

"मावशी, माझ्या बापाचा पाय तुम्ही बघितलाय."

"बघितलाय. म्हणून तर घट्ट धरलं व्हतं."

रोहिणीचा राग ठमाबाईवर नव्हता, तरी ती ठमाबाईकडंच बघत होती. मग चाळीतून रूपाली उठून आली. तिच्यामागं आणखी दोघी.

"मावशी, उतर," रूपाली म्हणाली. "आम्ही कुणीच नाय बसणार. एकटीनं बसून तू काय मिळवणार?"

ठमाबाई कुरकुरत, गुडघा धरत खाली उतरली. प्रफुल्लनं एकदा बायांकडं पाहिलं, एकदा अर्ध्या राहिलेल्या रानाकडं. वाल्मीक मान वळवून भलतीकडं बघत होता; माणूस उतरल्यावर त्याचाही ट्रॅक्टर तिथं चालणार नव्हता.

"नांगरा कसं नांगरायचं ते," प्रफुल्ल शेवटी म्हणाला.

रोहिणीनं नांगर खाली सोडला. ट्रॅक्टर क्षणभर घुमला, मग जडावलेल्या चाकांनी जमीन पकडली. फाळामागं मोठमोठी ढेकळं उलटू लागली आणि तोंड शेवटपर्यंत जागचं हललं नाही. दिवस मावळायच्या आत रान उरकलं.

"जमलं की," प्रफुल्ल हसत म्हणाला.

"थांबला असता तर मावशी न बसताच जमलं असतं," ती म्हणाली आणि त्याच्या हसण्याकडं पाठ करून निघाली.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लनं ठमाबाईला कामाला यायचं नाही म्हणून निरोप धाडला. ते कळल्यावर रूपाली आणि बाकीच्या बायाही गेल्या नाहीत. चाळीत कांदा पडून होता आणि व्यापाऱ्याची गाडी यायची होती. तिसऱ्या दिवशी प्रफुल्ल स्वतः ठमाबाईच्या दारात जाऊन, बाहेरूनच, "या उद्यापासून," म्हणून गेला.

संध्याकाळी नळावर ठमाबाईनं रोहिणीला गाठलं.

"बोलावलंय त्यानं. उद्या जाते," ती म्हणाली. "पण तुझ्यावरचा राग काय गेला नाय माझा. माणसांदेखत मला उतरवलंस."

"माझाबी नाय गेला, मावशी. पण तो तुमच्यावर नव्हता."

ठमाबाईनं आपला हंडा बाजूला सारून तिला नळाखाली जागा करून दिली.