सागवानी अंडं

आमचे वडील सुतार होते. आमची तांबडी कोंबडी परसात वाटेल तिथे अंडी घालायची. तिला खोक्यातली जागा कळावी म्हणून वडिलांनी सागवानाचं अंडं घडवून तिथे ठेवलं. ते इतकं सुबक झालं, की कोंबडी ते उबवायला बसली ती उठेचना. खुडूक झाली आणि खरी अंडी बंद पडली.

"रविवारपर्यंत बघते, नाहीतर पातेल्यात घालते," आई म्हणाली.

"अगं, तिचा काय दोष?"

"मग काय तुम्हाला घालू?"

शेजारच्या मावशींनी उपाय सांगितला. ते अंडं काढून घ्यायचं आणि कोंबडीला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचं; पोटाला गार वारा लागला की खूळ उतरतं. पण वडिलांचा हात धजेना. त्यांच्या खुर्च्या डुगडुगतात म्हणून लोक परत आणून द्यायचे. त्यांच्या कामाला इतकं घट्ट धरून बसलेलं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं.

शनिवारी आईने सुरीला धार लावायला घेतली, तेव्हा ते उठले. खोक्यात हात घालून, चोची खात त्यांनी अंडं काढलं. मग कोंबडी पिंजऱ्यातून दिवसभर शिव्या देत राहिली आणि वडील शेजारी स्टुलावर बसून त्या ऐकत राहिले. मला ते आठवतात ते असेच.

संध्याकाळी आई दारात आली. "अहो, आत या आता. आणखी आठवडाभर थांबते मी. पण तिची माफी मागायची ती उद्या मागा, जेवण गार होतंय."