तेल चढेस्तोवर

टेम्पोत बसल्याबसल्या मोतीबाईला भज्यांचा वास आला आणि तिचा जीव जागचा हलला तो हललाच. वास मागून येत होता, धुरातून. मांजर्लीची गल्ली मागे पडली, नदीवरचा वारा मागे पडला, वास मात्र सोबत निघाला. हळदीला चाललेल्या धवलारणीच्या अंगाला अत्तर नसलं तरी चालेल, तळणाचा वास तरी नको, असं ती लेकाला म्हणाली. अमित हसला. लोकांच्या गाड्या धूर सोडतात आये, आपली नाश्ता सोडते, असं म्हणून त्यानं गिअर टाकला.

मोतीबाई हसली नाही. तिचं लक्ष टेम्पोच्या घड्याळाकडे. सव्वाचार.

आगरी घरात लग्न लावतो भटजी, पण त्याआधी हळदीचा धवला गाते धवलारीण. ती गाऊन देवांना बोलावते, गावाच्या वेशीला बोलावते, आणि घरातली जी माणसं मातीआड गेली त्यांना नावानिशी बोलावते. नाव घेतलं तर ती मांडवात येतात. नाही घेतलं तर बाहेर उभी राहतात, असं मोतीबाईला तिच्या सासूनं शिकवलं होतं. पस्तीस वर्षं ती नावं घेत आली. कुणाचा आजा, कुणाची आत्या, कुणाचा पाण्यात गेलेला भाऊ. पण आजचं नाव वेगळं होतं.

विठा. मलंगगडाखालच्या गावात दिलेली, पण मुळातली मांजर्लीचीच. दोघींनी एका विहिरीवर कळश्या आदळल्या होत्या. विठाच्या हळदीत मोतीबाईनं गायलं, विठाची लेक तेजल झाली तेव्हा बारशात गायलं. तीन वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या दवाखान्यात विठाचा हात उशीवर पडलेला, हलका, सुकल्या पडवळासारखा. ती म्हणाली होती, "मोते, माझ्या पोरीच्या तेलाच्या येली मना हाक मारशील ना? नायतर मी बाहेरच र्‍हाईन गो."

मोतीबाईनं हो म्हटलं होतं. आज तेजलची हळद होती.

सकाळी तेजलच्या आत्याचा, प्रीतीचा फोन आला होता. काकी, पाचच्या आत या, सहाला मेकअपवाली येणार, तिनं पुढे अजून दोन ठिकाणी टाईम दिलेत. आणि नाहीच जमलं तर टेन्शन घेऊ नका, आमच्याकडे मोबाईलवर धवला आहे. प्रीती हे आदरानं बोलली, काळजीनं बोलली. तेच मोतीबाईला जास्त लागलं.

अमितनं मात्र आज हट्टानं टेम्पो काढला. गेले दोन महिने त्याच्या डोक्यात बायोडिझेलचं वारं होतं. कॅम्प दोनमध्ये त्याचा मित्र सनी, सिंधी पोरगा, साबणाचा गाळा चालवायचा. फरसाणवाले, दाल-पकवानवाले तळून तळून काळं पडलेलं तेल टाकून द्यायचे, ते सनी डब्यांनी आणायचा. गाळायचा, तापवायचा, मोजून रसायन घालायचा. पिंपाच्या तळाला चिकट गाळ बसला की वरचं तेल पाण्यानं धुऊन, सुकवून घ्यायचा. उरायचं ते मधासारखं दिसायचं. आधी अमितनं ते डिझेलमध्ये चमचाभर मिठासारखं घातलं, मग निम्मं. टेम्पो चौदा वर्षांचा, खोकणारा, पण या तेलावर तो गुरगुरायचा कमी. काल रात्री टाकी पहिल्यांदाच पूर्ण त्या तेलानं भरली होती. आईला आपल्या तेलावर न्यायचं, मांडवाच्या दारात उतरवायचं, हे त्याच्या मनात होतं. तो बोलला नव्हता, पण सकाळपासून काच तीनदा पुसली त्यावरून तिला कळलं होतं.

अंबरनाथच्या कारखान्यांच्या लांबच लांब भिंतीशी टेम्पोनं पहिला आचका दिला. मग दुसरा. अमितनं पाय दाबला तसा टेम्पो आणखी दमला, दम्याच्या म्हातार्‍यासारखा दोन श्वास ओढून भिंतीला टेकला.

सनीला फोन लागला. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"फिल्टर बदला क्या?"

नाही, अमित म्हणाला.

"पहिलेच बोललो होतो ना भाई. चौदा साल का कचरा टाकीत चिटकून बसलाय. डिझेलनी तो कधी सुटला नाही. हे तेल साबणाच्या जातीचं, ते टाकी धुतं. सगळा मळ सुटून फिल्टरमध्ये येणार. तेलाची गलती नाही, तेल तो अपना काम कर रहा है."

फिल्टर आणलाय, असं अमित म्हणाला. आणि त्यानं डॅशबोर्डच्या खणात हात घातला. खणात फडकं होतं, पाना होता, जुनी पावती होती. फिल्टरचा खोका नव्हता. सीटखाली नव्हता, मागं हौद्यात नव्हता. त्यानं घरी बाबांना फोन लावला.

कमळाकर फोनवर अगदी समाधानानं बोलला. फिल्टर ना, देवापुढं आहे. नवी वस्तू गाडीला तशीच कशी लावायची, एक रात्र देवापाशी बसली पाहिजे, म्हणून काल खणातून काढून ठेवला. हळदकुंकू लावलंय, फूल वाहिलंय. सकाळी सांगायचं राहिलं खरं.

घरात असं चालतच होतं. नवा टायर देवापुढं, नवा मिक्सर देवापुढं, अमितचा पहिला मोबाईलही देवापुढं रात्रभर वाजत राहिलेला. अमितनं फोन कानाशी तसाच धरला. कमळाकर म्हणत होता, येतो घेऊन, बघतो काही गाडी मिळते का. मांजर्लीहून इथवर त्याला तास तरी लागणार होता.

मोतीबाई उतरून रस्त्याशी उभी राहिली. हातातलं पोलकं-पातळाचं गाठोडं एका बगलेतून दुसर्‍या बगलेत. पहिली रिक्षा आली ती माणसांनी गच्च. दुसरीतला थांबला, पण त्याचा गॅस संपत आलेला, पंपावरच्या रांगेला निघालेला. मोटारसायकलवर ती बसू शकत नव्हती, मोडलेला खुबा मांडी टाकू देत नव्हता. पावणेपाच. रस्त्याच्या कडेच्या रुईला पांढरी फुलं आली होती, ती तिनं एकदा पाहिली, दोनदा पाहिली, आणि काय पाहिलं ते तिला सांगता आलं नसतं.

तिकडं पाट मांडला असेल. वाटीत तेल ओतलं असेल. तेल पायाच्या नखापासून चढतं. नख, घोटा, गुडघा, खांदा, मग माथा. माथ्याचं तेल आईचं, तिथंच आईचं नाव. तेवढं चढेस्तोवर पोचलं पाहिजे.

सनीनं फोनवर उपाय सांगितला. जुनाच फिल्टर काढ, कॅनमधल्या स्वच्छ तेलात खळबळून धू, परत बसव. पाच-सात मिनिटं गाडी चालेल, परत बंद पडेल, परत धू. अमितनं बोनेट उघडलं. फिल्टर काढला तर आतून काळा चिखल निघाला, चुलीच्या राखेत पाणी पडावं तसा. त्यानं तो धुतला, पिळला, बसवला. आता नळीत शिरलेली हवा काढायची होती. त्याला एक बोल्ट सैल करून लहान हातपंप दाबत राहावं लागतं. बुडबुडे जाऊन तेलाची सलग धार आली की पंप दाबता दाबताच बोल्ट आवळायचा. एका हातानं पंप, दुसर्‍या हातानं पाना. अमित घाईनं पंप धपाधप दाबायचा, पान्याकडे वळला की पंप सुटायचा, हवा परत आत. चारदा केलं, चारदा टेम्पो नुसता घरघरला.

"सर बाजूला," मोतीबाई म्हणाली. "मना दे तो पंप."

"तुला नाय जमणार आये, हात काले होतील."

"तू मुसल कवा धरलंस रं? असं दाबतंस जसा कोन मागं लागलाय."

तिनं पदर खोचला, पंपावर अंगठा ठेवला, आणि घाण्याचं गाणं धरलं. लग्नाआधी पाच जणी मिळून हळकुंडं कुटतात तेव्हाचं. त्यात घाई केली तर मुसळं एकमेकांवर आदळतात आणि हळकुंड उडून जातं. म्हणून त्या गाण्याची चाल अशी बांधलेली की हात धावू बघतो आणि गाणं त्याला धरून ठेवतं.

दाब गो दाब, सावकाश दाब, हलकुंड गेलं कुठं
उखलात बसलं सोनं गो, घाईला तिथं नाय वाट

एका ओळीला एक दाब. बोल्टापाशी फेस आला, फेसात बुडबुडे, मोठे, मग मोहरीएवढे. अमित पाना लावून वाट पाहत राहिला. त्याचा श्वास आधी पुढं पळत होता, मग गाण्याच्या मागं आला. धार आली, पिवळी, अखंड. त्यानं बोल्ट आवळला. टेम्पो सुरू झाला.

दोन किलोमीटरवर परत बसला. परत काळा चिखल, परत धुणं, परत गाणं. पलीकडून जाणार्‍या ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं: नऊवारी नेसलेली म्हातारी बोनेटमध्ये हात घालून गाते आहे. पाच वाजून पाच मिनिटं. अमित एकदा म्हणाला, माझ्यामुळे झालं आये. तेलामुळे झालं असं तिला वाटत नव्हतं, लेकामुळे झालं असंही नव्हतं, नवर्‍याच्या देवभोळेपणावर चिडायलाही तिला सवड नव्हती. तिच्या आत फक्त पाय, घोटा, गुडघा चाललं होतं.

तिसर्‍यांदा टेम्पो थांबला तो गावाच्या फाट्यावर. मांडव दिसत होता. लाल-पिवळं कापड, वर झिरमिळ्या, पलीकडे गडाचा निळा दगड. आणि स्पीकर ऐकू येत होता.

गाणं सुरू झालेलं. कुठल्या तरी बाईचा गोड, सरळ आवाज, मागं कीबोर्ड. गाण्यात घोट्याचं तेल चाललं होतं. त्या गाण्यातली नवरी कोण्या रमाबाईची लेक होती, कोण्या समुद्राकाठच्या गावची.

"चालत जा आये," अमित म्हणाला. "मी येतो मागून."

मोतीबाईनं वाट नजरेनं मोजली. अर्धा किलोमीटर. तिच्या खुब्यानं वीस मिनिटं. तेल चढायला दहा पुरे.

"खोल," ती म्हणाली.

फिल्टर धुतला, बसवला. तिनं अंगठा पंपावर ठेवला आणि तोंड उघडलं तर स्पीकरवरची चाल तिच्या गाण्यात शिरू लागली. ती चाल पळणारी होती, नाचायची होती. तिकडं गुडघ्याचं तेल सुरू झालं. हात त्या चालीवर पळू लागला, बुडबुडे वाढले. मोतीबाईनं डोळे मिटले. विहिरीवरची विठा आठवली, रहाटावर तिचे दोन्ही हात, दोर ओढताना जराही न तुटणारी लय. दाब गो दाब. सावकाश दाब. धार लागली. पाना फिरला.

अमितनं टेम्पो थेट मांडवाच्या तोंडाशी आणला आणि इंजिन चालूच ठेवलं. कुणी तरी ओरडलं, बंद कर ना, आवाज येतो. तो म्हणाला, बंद केली तर परत आये लागेल.

तेजल पाटावर बसली होती. पिवळी साडी, पाय पुढं, डोळे खाली. चार सवाष्णींचं झालं होतं, खांद्यावर तेलाचे ओघळ होते. पाचवीनं विड्याचं पान तेलात बुडवून माथ्याकडे हात नेला होता.

"थांब गो बाय," मोतीबाई म्हणाली.

प्रीतीनं वळून पाहिलं. धवलारणीचे हात कोपरापर्यंत काळे, अंगाला तळणाचा वास, पदराला डाग. ती क्षणभर चाचरली. मग मोबाईल उचलून गाणं बंद केलं आणि हळू आवाजात म्हणाली, काकी, सगळं झालंच आहे, फक्त माथ्याचं राहिलंय, तेवढं गा.

"तेवढंच माझं हाय," मोतीबाई म्हणाली.

तिनं हात पाठीमागे धरले, नवरीला शिवली नाही. घसा धुरानं कोरडा पडला होता, पहिला सूर फाटला. दुसरा लागला.

तेल चढं गो तेल चढं, माथ्याच्या भांगावरी
विठा ये गो विठा ये, लेकीच्या मांडवदारी
बाहेर नको उभी र्‍हाऊ, उन्हाची वाट सरली
तुझ्या हातची वेणी गो, पोरीनं अजून धरली

विठाचं नाव त्या अंगणात तीन वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. तेजलचा बाप मांडवाच्या खांबाशी उभा होता, त्यानं टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला. पाचवीचा हात माथ्यावर टेकला. तेलाचा एक थेंब भांगातून कपाळावर उतरला, नाकाच्या शेंड्याशी थांबला. तेजलनं तो पुसला नाही.

गाणं संपलं. बायका उठायच्या बेतात होत्या. प्रीतीच्या हातातला फोन वाजू लागला, मेकअपवालीचा असणार.

तेजलनं मान वर केली. पाय मागं घेतले होते ते तिनं परत पुढं केले, पाटाच्या कडेवर नीट ठेवले.

"काकी," ती म्हणाली, "खालचं सगलं त्या रमाबायच्या पोरीचं झालं. मना पायापासून द्या."

प्रीतीनं फोनकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग फोन तसाच वाजत ठेवून तिनं वाटी उचलली आणि पहिल्या सवाष्णीच्या हातात दिली.

मोतीबाईनं घोटभर पाणी मागितलं, प्याली, आणि नखापासून तेल चढवायला घेतलं. सावकाश.