काकड्या छान होत्या

माझी आत्या एका मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी तिने घरामागचं अंगण ताब्यात घेतलं. ताब्यात घेतलं, हाच शब्द बरोबर आहे. तोवर तिथे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, तिच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची, एक बिनचाकाची सायकल होती आणि गुडघाभर गवत होतं. आठवड्याभरात दोऱ्या गच्चीवर गेल्या, सायकल भंगारात गेली आणि काका व्हरांड्यात गेले.

माझी नोकरी त्याच गावात असल्यामुळे मी त्यांच्या वरच्या खोलीत राहत होते. जे झालं ते बहुतेक सगळं मी पाहिलं आहे. थोडंफार गिळलंही आहे.

आत्याला बागकाम येत नव्हतं, पण वॉर्ड चालवता येत होता. तिने वाफ्यांना नंबर दिले. एक नंबरला टोमॅटो, दोनला पालक, तीनला भेंडी आणि चारला काकडी. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता लागला. पाणी किती, किती वाजता, कोणी घातलं, सही. पालकावर अळी पडली तेव्हा तिने त्याच्याभोवती जुन्या चादरीचा पडदा लावला. दोन नंबरला हात लावून कोणी तीन नंबरकडे जायचं नाही, मध्ये साबणाने हात धुवायचे, असा हुकूम सुटला. तरी पालकाची चाळण झालीच. टोमॅटो तोडायच्या आदल्या दिवशी तडकायचे, जणू त्यांना कोणीतरी तारीख आधी कळवत होतं. भेंडी तेवढी आली. सात. त्या सातही आत्याने एका बशीत मांडून मला आणि काकांना दोनदा दाखवल्या.

कुंपणापलीकडे एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचे. त्यांनी केव्हातरी भोपळा चिरताना बिया खिडकीतून भिरकावल्या होत्या, आणि आता तिथे उशीएवढे भोपळे लोळत होते.

"मी काही केलं नाही हो, मेट्रनबाई," ते अगदी नम्रपणे म्हणायचे. ती नम्रताच आत्याला झोंबायची.

काकडीवर मात्र तिचा जीव होता. इस्पितळाने मोडीत काढलेले सलाईनचे तीन स्टँड तिने आणले होते, त्यांना सुतळी बांधून वेल वर चढवला होता. पंधरा दिवस त्याला नुसती नर फुलं येत राहिली.

"सगळे पुरुष," आत्या व्हरांड्याकडे बघत म्हणाली. "पसारा आहे, पण कामाचा एकही नाही."

काकांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

मग एका सकाळी एका फुलामागे करंगळीच्या पेराएवढी काटेरी काकडी दिसली. आत्याने मला अंथरुणातून उठवून खाली नेलं. त्या दिवसापासून ती रोज सकाळी सातला कापूस गुंडाळलेली काडी घेऊन नर फुलातला पराग मादी फुलाला लावायची.

"अगं, मधमाश्या आहेत की," काका म्हणाले.

"त्यांच्या भरवशावर मी वॉर्ड सोडणार नाही," आत्या म्हणाली.

पण वॉर्ड सोडायची वेळ आलीच. त्यांच्या मुलीचा फोन आला, की नातीला कांजिण्या आल्यात. आत्याने तासाभरात बॅग भरली. जाताना तिने काकांना मागच्या दारापाशी उभं करून चार नंबरचं सगळं समजावलं. दोन झाऱ्या सकाळी, एक संध्याकाळी, पानांवर नाही, मुळाशी, आणि झालं की सही. काकांनी दर वाक्याला मान हलवली. त्याच दुपारी मीही कार्यालयाच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेले, म्हणून पुढच्या आठ दिवसांचा साक्षीदार कोणी नाही. ऊन कडक होतं, एवढंच मला ठाऊक आहे.

आत्या परतली तेव्हा माती ओली होती आणि तक्ता पूर्ण भरलेला होता. आठ दिवस, चोवीस झाऱ्या, सोळा सह्या. वेलाची पानं जरा मलूल होती, पण आत्या म्हणाली, माझ्याशिवाय करमलं नसेल. काकड्या धरल्या होत्या, आणि आठवड्याभरात त्या तोडण्याजोग्या झाल्या.

इथे एक अडचण होती. आत्याने उरलेले दात काढून नुकतीच कवळी बसवली होती, आणि दंतवैद्याने महिनाभर कडक काही चावायचं नाही अशी ताकीद दिली होती. दुसरी कोणी असती तर तिने चोरून एक चकती तोंडात टाकली असती. आत्याने आयुष्यभर इतरांना पथ्य पाळायला लावलं होतं. स्वतः मोडणं शक्यच नव्हतं. त्यामुळे तिची पहिली काकडी इतरांनी खायची आणि तिने बघायचं, असं ठरलं.

तिने चकत्या केल्या, वर मीठ भुरभुरवलं आणि बशी माझ्यासमोर ठेवली. मी एक चकती तोंडात घातली.

इतकी कडू वस्तू मी औषध म्हणूनसुद्धा घेतलेली नाही. कडूपणा आधी जिभेवर बसला, मग टाळ्याला चढला, मग डोळ्यांत आला. समोर आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेच्या निकालाला बसल्यासारखी बसली होती.

"छान आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

"एकदम ताजी."

काकांनी दोन चकत्या एकदम घेतल्या, चावल्याशिवाय गिळल्या आणि पाणी प्यायले. "वा," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आत्याचा चेहरा असा फुलला, की त्यानंतर खरं सांगायची सोयच उरली नाही.

मग वाटप सुरू झालं. ड्रायव्हरकाकांना चार, समोरच्या ग्रंथपालबाईंना चार. आणि आत्या पिशवी देऊन परत येणाऱ्यांतली नव्हती. गोळी रोग्याने गिळली की नाही हे बघितल्याशिवाय ती खाटेपासून हलायची नाही, तशीच इथेही उभी राहायची. ड्रायव्हरकाकांनी आयुष्यभर घाटातून बस चालवली होती. त्यांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू न देता एक चकती संपवली. ग्रंथपालबाईंना जोराचा खोकला आला, तो त्यांनी पुस्तकांच्या धुळीवर ढकलला. दोघेही म्हणाले, काकड्या छान होत्या. इतकं म्हटल्यावर दोन दिवसांनी पुन्हा काकड्या येणार, हे ओघानेच आलं.

दुसऱ्या खेपेपासून कोणी खायच्या भानगडीतच पडलं नाही. मी डब्यातून कार्यालयात नेऊन कचऱ्याच्या टोपलीत टाकू लागले. काकांनी कोणता मार्ग काढला ते विचारायची मी हिंमत केली नाही, पण संध्याकाळी ते नेमाने फिरायला जाऊ लागले आणि जाताना त्यांचा सदरा पोटाशी फुगलेला असायचा. आत्याला आमच्या सगळ्यांच्या भुकेचं फार कौतुक वाटत होतं.

महिना संपला. रविवारी आत्याने वेलावरची सगळ्यात सुबक काकडी तोडली, धुतली, पुसली आणि चिरायला बसली. मी आणि काका एकमेकांकडे बघत होतो.

"अगं, सालासकट नको," काका म्हणाले. "कवळीला जड जाईल."

"साल काढलंय."

"मग उद्या खाल्लीस तर? आज ऊन फार आहे."

आत्याने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. तिने चकती तोंडात घातली आणि डोळे मिटून सावकाश चावू लागली. काका उठून उभे राहिले.

"माझं चुकलं," ते एका दमात म्हणाले. "तू नव्हतीस तेव्हा मी पाचसहा दिवस पाणीच घातलं नाही. बुद्धिबळाचे सामने चालू होते. मग तू यायच्या आदल्या दिवशी नळाची रबरी नळी लावून दिवसभर सोडून ठेवली. म्हणून कडू झाल्यात. सह्या मी सगळ्या एकदम केल्या. आता थुंकून टाक, मी पाणी आणतो."

आत्याने डोळे उघडले. घास गिळला.

"कडू?" ती म्हणाली. "कुठे कडू आहे?"

तिने एक चकती माझ्या हातात दिली, एक काकांच्या. आम्ही खाल्ली. काकडी गोड होती. करकरीत, थंड, नुकतीच पाण्यातून काढल्यासारखी. आत्या परत आल्यावर वेलाला पुन्हा नेमाने पाणी मिळत होतं, आणि पहिल्या खेपेनंतर आलेली काकडी आमच्यापैकी कोणी तोंडाला लावलीच नव्हती. तीन आठवडे आम्ही चांगल्या काकड्या फेकत होतो.

आत्याने बशी बाजूला सरकवली. मग तिने एकेक धागा सोडवायला घेतला.

"म्हणजे पहिल्या कडू होत्या."

"हो," काका म्हणाले.

"आणि तू म्हणालीस, छान आहे." हे मला.

मी बशीकडे बघत राहिले.

"आणि त्यानंतरच्या खाल्ल्या कोणी?"

काकांनी सदरा पोटाशी सारखा केला. तेच उत्तर होतं.

"सह्या एकदम केल्यात ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ती काकांना म्हणाली. "सोळाही सह्या एका तिरक्या रेषेत. नव्या पोरी रात्रपाळीचे तक्ते असेच भरायच्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही केव्हा कबूल करता ते बघत होते."

यावर, खरं तर, कबूल न करण्यात आमच्यासारखीच तीही सामील होती असं मला म्हणता आलं असतं. पण आत्या चिडली नव्हती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "छत्तीस वर्षं रोगी मला सांगायचे, बरं वाटतंय सिस्टर," ती म्हणाली. "खरं सांगितलं तर सुई टोचीन म्हणून. घरीसुद्धा तेच?" आणि ती आत जाऊन पडली.

दोन दिवस ती अंगणात फिरकली नाही. काका सकाळी दोन झाऱ्या आणि संध्याकाळी एक झारी घालत होते, मुळाशी, पानांवर नाही. एकदा मी त्यांना कापसाची काडी घेऊन फुलांसमोर उभं असलेलं पाहिलं. कोणतं फूल नर आणि कोणतं मादी ते त्यांना आठवत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांनाच लावत होते.

मी ग्रंथपालबाईंना आणि ड्रायव्हरकाकांना झालेलं सांगून टाकलं. बाईंनी एक लांबलचक माफीचं पत्र लिहून पाठवलं. ड्रायव्हरकाका तिसऱ्या दिवशी स्वतः आले आणि मागच्या दारातून हाक मारली.

"मेट्रनबाई, एक काकडी द्या."

"बाजारात मिळतात," आतून आवाज आला.

"बाजारातली नको."

आत्या बाहेर आली. तिने एक काकडी तोडून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती बाहीला पुसली आणि तिथेच उभ्या उभ्या, सालासकट, देठापर्यंत खाल्ली. आम्ही तिघं बघत होतो. शेवटचा घास गिळून त्यांनी थोडा विचार केला.

"चव चांगली आहे," ते म्हणाले. "पण बिया फार. तोडायला उशीर करता तुम्ही. दोन दिवस आधी तोडा."

आत्याने कमरेवर हात ठेवले. बऱ्याच दिवसांनी ती ताठ उभी राहिली होती.

"अजून?"

ड्रायव्हरकाकांना हुरूप आला. "साल जाड आहे. एक नंबरचे टोमॅटो फार दाट लावलेत, त्यांना श्वास घ्यायला जागा नाही. आणि तो पालक... पालकाचं तुम्ही नाव काढू नका. चहा गाळायला बरा आहे."

"पुरे," आत्या म्हणाली. "तुम्ही काही न करता भोपळे काढता, तुम्ही मला शिकवू नका."

पण जाताना तिने त्यांना दोन काकड्या बांधून दिल्या, त्यातली एक मुद्दाम कोवळी. मग ती चार नंबरकडे वळली, काकांच्या हातातली झारी काढून घेतली आणि म्हणाली, "अहो, सगळ्या फुलांना काय फासून ठेवलंय हे?"