ताईचं काहीतरी

ताईच्या अंत्यविधीला आई येऊ शकली नाही. गुडघे आता उंबऱ्यापर्यंतच साथ देतात. मी निघाले तेव्हा माझं मनगट धरून तिने एवढंच सांगितलं, "येताना तिचं काहीतरी आण. हातात धरता येईल असं."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळा संपली तशी ती व्रत घेऊन मठात सिस्टर झाली आणि मठाच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात जन्मभर राबली. बाबा गेले तेव्हासुद्धा घरी आली नाही. त्या काळी तसा नियम होता म्हणे. नियम! माझा राग तेव्हापासून नाकाच्या शेंड्यावर मुक्कामाला आहे. आई रागावली नाही, पण लेक आपल्याला विसरली हा सल तिने मनात धरला. तो घेऊनच तिने जावं, हे मला नको होतं.

देवळातली मिस्सा, म्हणजे ताईसाठीची शेवटची प्रार्थना, आटोपल्यावर मी मठाच्या मोठ्या सिस्टरना गाठलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"तिचं असं काही नाहीच हो," त्या म्हणाल्या. "आमचं स्वतःचं काही नसतं."

"चष्मा?"

"स्वयंपाकघरातल्या सिस्टरना चालला."

"चपला?"

त्यांनी खाली पाहिलं. ताईच्या चपला त्यांच्याच पायांत होत्या.

"बरं, जपमाळ?"

"तिच्या हातातच ठेवली. आणि गळ्यातला क्रूस, आता एक मुलगी व्रत घेतेय ना, तिला मिळेल."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मग म्हाताऱ्या आईने काय तुमच्या नियमाला मिठी मारायची?"

सिस्टरना राग आला नाही, याचाही मला रागच आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "वॉर्डात तरी जाऊन या. ती तिथेच असायची."

हात हलवत परत जायचं नव्हतं, म्हणून गेले. लोखंडी पाळण्यांची रांग, उकळलेल्या कपड्यांचा वास. एक नर्स बाळाच्या पाटीवर उजव्या हाताने वजन लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने दुपटं पसरलं आणि बाळाला गुंडाळायला घेतलं, ते मात्र डाव्या हाताने. डावीकडचं टोक ओढून बाळाच्या पाठीखाली सारलं, वरून घडी मारली आणि बाळाचा एक हात गालाशी मोकळा ठेवला.

मी जागच्या जागी थिजले. हे तर आईचं! आई डावखुरी. आम्हा भावंडांना तिने असंच गुंडाळलं, आणि ताईने उजव्या हाताची असूनही तिचं बघून बघून मला. शेजारणी त्याला हसायच्या.

"असं उलटं का करता?" मी विचारलं.

"इथे असंच करतात. या आता गेल्या ना, त्या सिस्टरनी शिकवलं. उजव्याने केलं की सोडून परत करायला लावायच्या. सुरुवातीला हात वळता वळत नाही हो! आम्हाला वाटायचं, कुठल्यातरी मोठ्या कॉलेजातलं शास्त्र असेल."

"आणि तो हात बाहेर कशाला?"

"लेकराच्या हाताला आपलं तोंड सापडलं की निम्मं रडं जातं."

आईचेच शब्द, जसेच्या तसे.

मी रांगेकडे पाहिलं. पाळण्यापाळण्यात तेच गाठोडं, गालाशी तीच इवलीशी मूठ. इथे शिकलेल्या नर्सा कुठल्या कुठल्या गावांना पांगल्या होत्या. बाळंतिणी हेच शिकून घरी जात होत्या. आज देवळात ज्यांना कोपराने ढकलत मी पुढे गेले, त्यांतले कितीजण या गाठोड्यातून बाहेर आले असतील, देव जाणे. जिच्याकडे स्वतःची चप्पल नव्हती, तिने घरून एवढं आणलं होतं आणि सगळ्यांना वाटून टाकलं होतं. मी काही देवभोळी नाही, पण तिथे पायातल्या चपला काढून हात जोडले. मग नर्सला म्हटलं, "मला शिकवा."

घरी आले. "आणलंस?" आईने विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतेस."

मी उशी घेतली, टॉवेल पसरला. माझी मुलं मी उजव्या हातानेच गुंडाळली होती; डाव्याने मला जमायचं नाही, हे आईला पक्कं ठाऊक. तरी मी डाव्याने टोक ओढलं, पाठीखाली सारलं, घडी मारली, उशीचा एक कोपरा बाहेर ठेवला. आई टक लावून माझ्या हातांकडे बघत होती.

"सैल झालंय," ती म्हणाली. "सरक."

तिने टॉवेल सोडला आणि डाव्या हाताने परत गुंडाळला, घट्ट. मग ती उशी तिने खाली ठेवलीच नाही. खांद्याशी धरून थोपटत राहिली. ताई गेल्याचा निरोप आल्यापासून न रडलेली माझी आई म्हणाली, "माझी चिमणी गं ती," आणि रडू लागली.