पडदे, मापं आणि ताईचा डावा पाय

आमच्या ताईचा गुडघा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बोलला. चांगला मोठ्याने बोलला. एका हॉटेलच्या जेवणघरात ती वर चढून पडदा अडकवत होती, मी खाली शिडी धरून उभी होते, आणि वरून 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं, दांडा तुटला.

"दांडा नाही गं," ताई वरूनच म्हणाली, "मी."

पडदे शिवण्याचा कारखाना ताईचा. कारखाना म्हणजे पहिल्या मजल्यावरचा एक लांबलचक हॉल, मधोमध कापायचं भलं मोठं टेबल, खिडक्यांच्या बाजूला चार मशीन आणि कोपऱ्यात काकांची इस्त्री. टेबलावर मास्तरांचं राज्य. कापड कापण्याचं सगळं काम त्यांचं. मशीनवर चौघीजणी, त्यातल्या सगळ्यात जुन्या त्या मावशी. आणि मी, ताईची सख्खी धाकटी बहीण. गिऱ्हाइकाकडे जाऊन खिडक्यांची मापं आणायची, हे माझं काम. मला सगळे धाकटी म्हणतात. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, पण त्याला इलाज नाही.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, फोटोही काढला. म्हणाले, गुडघा ठीक आहे, पायात ताकद नाही, व्यायामशाळेत जा. ताईने गोळी मागून पाहिली. डॉक्टरांनी दिली नाही. मग "एकटी गेले तर लोक हसतील" म्हणून तिने मलाही ओढत नेलं. दोघींना मिळून हसले तर तिला चालणार होतं.

तिथली शिकवणारी मुलगी चणीने एवढीशी होती. आम्ही घरी तिचं नाव लवंगी ठेवलं. तिने ताईला आधी उजव्या पायावर उभं केलं. ताई खांबासारखी उभी राहिली. मग डाव्या पायावर. ताईने तीन आकडे मोजेपर्यंत माझा खांदा पकडला.

"तुमचा उजवा पाय फार चांगला आहे," लवंगी म्हणाली.

ताई खूश.

"तिथेच तर घोळ झालाय. डाव्याला काही जमत नाही, हे उजव्याने तुम्हाला कळूच दिलं नाही. चढताना, उतरताना, उठताना सगळा भार तोच घेतोय. आता तो दमलाय."

"मग उजव्याला अजून मजबूत करू," ताई म्हणाली. ती कारखाना चालवणारी बाई, तिचं डोकं तसंच चालतं.

"नाही. उजव्याला बसवून ठेवू."

आणि तिने ताईसमोर वीतभर उंचीची एक फळी ठेवली. डाव्या पायाने वर, डाव्या पायानेच खाली. दहा वेळा. मग विश्रांती. परत दहा वेळा. ताई वजनं उचलायच्या तयारीने आली होती, नवे बूट घालून. शेजारी एक बाई अख्खी पोतडी खांद्यावर घेऊन उठबस करत होती आणि आमची ताई फळीवर चढउतार.  घरी येताना मी वाटभर हसत होते, म्हणून मला दुसऱ्या दिवशी तीच फळी मिळाली.

महिनाभरात फरक पडला. ताईला व्यायामाची गोडी लागली, आणि ताईला एखादी गोष्ट आवडली की ती सगळ्यांना आवडली पाहिजे असा आमच्याकडे नियम आहे. एका सोमवारी कारखान्यात गेलो तर भिंतीवर नवा कोरा फळा. वर ठळक अक्षरात 'आजचा विक्रम'. कोणी किती पडदे शिवले ते रोज लिहायचं आणि उद्या त्याहून एक जास्त. शिवाय काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी पंधरा मिनिटं उठाबशा.

मावशींनी पिशवी खुंटीला लावली, फळा वाचला, आणि म्हणाल्या, "ताई, मी पहाटे उठून पाच माणसांचं करते. बसमध्ये उभी राहून येते. एक मजला चढते. माझ्या उठाबशा झाल्यात. तुमच्या चालू द्या."

तरी चार दिवस त्यांनी ताईच्या शब्दाला मान दिला. विक्रम रोज मोडत होता. पाचव्या दिवशी एका गिऱ्हाइकाने सहा पडदे परत पाठवले. खालच्या पट्टीची शिवण सापासारखी वळवळत गेली होती. इस्त्रीवाल्या काकांनी एक पडदा उचलून धरला आणि शांतपणे विचारलं, "हा विक्रमातला का?"

ताईने ही सगळी हकीकत लवंगीला सांगितली, रागारागाने. लवंगी आधी पोट धरून हसली.

"रोज कालच्यापेक्षा जास्त वजन मी तुम्हाला उचलायला लावलं का कधी?"

"नाही."

"सुट्टीचा दिवस देते की नाही? ताकद त्या दिवशी येते. आणि फळीवर पाय वाकडा पडला तर मी काय करते?"

"आकडा धरत नाहीस. परत करायला लावतेस."

"मग?"

ताईने दुसऱ्या दिवशी स्वतः फळा उतरवला आणि इस्त्रीच्या टेबलाखाली आधार म्हणून घातला. टेबल कित्येक दिवस डुगडुगत होतं, तेवढं काम मात्र झालं. शुक्रवारी दुपारनंतर मशीन बंद ठेवायची, तेलपाणी करायचं, सुया बदलायच्या, निवांत बसायचं, असं ठरलं. मावशी म्हणाल्या, "हा व्यायाम मला झेपेल."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग मास्तर पडले.

घरी दिवा बदलताना स्टुलावरून घसरले आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. दीड महिना कात्री बंद. त्याच आठवड्यात एका छोट्या दवाखान्याचे पडदे द्यायचे होते, आठ खोल्या, सोळा खिडक्या. मापं मी आणलेली होती, कागदावर स्वच्छ अक्षरात. मावशींना कापता येत होतं. त्यांनी कागदाप्रमाणे कापलं, चौघींनी शिवलं, आणि मी ऐटीत लावायला गेले.

पहिल्या खोलीत पडदा जमिनीवर लोळत होता. म्हटलं, असू दे, दुमडू. तिसऱ्या खोलीत दोन खिडक्या शेजारी शेजारी होत्या. एकीचा पडदा खालपर्यंत आणि दुसरीचा चांगला चार इंच वर. तिथली नर्स कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"एका खिडकीला पॅन्ट आणि दुसरीला हाफपॅन्ट का?" तिने विचारलं.

सोळापैकी नऊ चुकले होते. सगळे उतरवून, गठ्ठा बांधून मी परत आले.   ताईने मावशींनी कापलेले पडदे मोजले. कागदाशी बरोबर जुळत होते. मग तिने कपाटातून जुन्या मापांची फाइल काढली आणि टेबलावर एकेक कागद पसरायला लागली.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. प्रत्येक कागदावर माझे निळ्या शाईतले आकडे होते. आणि प्रत्येक निळ्या आकड्याच्या बाजूला, मुंगीएवढा, पेन्सिलीने लिहिलेला दुसरा आकडा. सहा वर्षांचे कागद. सहा वर्षं मी मापं आणत होते.

ताईने मास्तरांना फोन केला. ते हात गळ्यात अडकवून तासाभरात आले. टेबलावरचे कागद पाहिले आणि बायकोने चोरून गोड खाताना पकडावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"मास्तर, हे काय?"

"घरी जाता जाता वाटेत पडायचं. मी जरा टेप लावून यायचो."

"प्रत्येक वेळी?"

"लांब असेल तर फोन करायचो गिऱ्हाइकाला. जेवणाच्या सुट्टीत." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "धाकटी दांड्याच्या वरून मोजते. कधी कड्यांच्या खालून मोजते. लक्षात राहत नाही तिच्या. आणि जमीन सगळीकडे सपाट असते असं तिला वाटतं."

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. 

"तुला वाईट वाटलं असतं. आणि मला येत होतं की. दोन मिनिटांचं काम."

मी रडायच्या बेतात होते, आणि तेवढ्यात ताई हसायला लागली. खुर्चीवर बसून, डोळे पुसत हसत राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही माझा उजवा पाय आहात."

मास्तर गोंधळले. "म्हणजे... मला काढताय?"

"बसवून ठेवतेय."

दवाखान्याकडे ताई स्वतः गेली, माफी मागितली, पंधरा दिवस मागून घेतले. एका मोठ्या सभागृहाचं काम समोरून चालून आलं होतं, त्यांना तिने या महिन्यात जमणार नाही असं कळवलं. कारखान्याच्या बारा वर्षांत तिने कुणाला पहिल्यांदाच नाही म्हटलं असेल. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ फोनकडेच बघत होती.

मग माझी फळी सुरू झाली. पहिल्या दिवशी एकच खिडकी. आमच्याच हॉलमधली. लवचिक टेप ताईने काढून घेतली आणि लोखंडी पट्टीची दिली. कड्यांच्या खालून जमिनीपर्यंत, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. तीन आकडे. मग मास्तर विचारणार आणि मी सांगणार. हॉलची ती खिडकी मी सहा वर्षं बघत होते. तिच्याखालची जमीन एका टोकाला पाऊण इंच खचलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दोन खिडक्या. आठवडाभराने एक अख्खी खोली. चुकलं की आकडा धरायचा नाही, परत मोजायचं. तिकडे टेबलावर मावशी कापायला आणि त्यांच्या मशीनवर दुसरी एक बाई पट्टीची शिवण शिकायला.

सगळ्यात अवघड काम मास्तरांना होतं. त्यांनी खुर्चीत बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पहिले दोन दिवस त्यांनी दम धरला. मग मावशींची कात्री वाकडी जायला लागली की ते गुणगुणायला लागले. मावशींच्या ते लक्षात आलं, त्या गुणगुणण्यावर कान ठेवूनच कापायला लागल्या. ताईने गुणगुणायलाही बंदी केली. मग ते खोकायला लागले.

"मास्तर, खोकायचं असेल तर बाहेर," ताई म्हणाली.

"हात मोडलाय तो परवडला," मास्तर म्हणाले, "तोंड बंद ठेवायचं म्हणजे शिक्षा आहे."

एक दिवस मी दवाखान्यातून परत आले, आठही खोल्यांची नवी मापं घेऊन. मास्तरांना कागद दिला. त्यांनी डाव्या हाताने पेन्सिल उचलली, सवयीने. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला, आणि पेन्सिल कानामागे ठेवून दिली.

"तिसऱ्या खोलीतली जमीन उजवीकडे उतरते, हे कसं पकडलंस?"

"तीनदा मोजलं."

"मी दोनदाच मोजायचो," ते म्हणाले.

पडदे बसले. नर्सने सगळ्या खोल्यांतून फिरून पाहिलं आणि पॅन्टचा विषय काढला नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा मला भीती होती की मास्तर लगेच कात्रीवर झडप घालतील. ताईने त्यांना सकाळचीच वेळ दिली. दुपारी टेबल मावशींचं. महिनाभर थोडं कुरकुरले. मग दुपारच्या वेळात त्यांनी जुन्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून पडदे बांधायचे पट्टे करायला घेतले. त्यांच्या डोक्यात ही कल्पना कित्येक वर्षं होती म्हणे, फक्त वेळ मिळत नव्हता. आता गिऱ्हाइकं पडद्याआधी पट्टे बघायला मागतात.

आणि मग एका शाळेचं काम आलं. सभागृहातल्या रंगमंचाचा पडदा, दोन मजले उंच, जाड गडद हिरव्या कापडाचा. एवढं मोठं काम आम्ही कधी केलं नव्हतं. ताईने लगेच हो म्हटलं नाही. आधी मला पाठवलं. मी अर्धा दिवस मोजलं, वर, खाली, दोन्ही बाजूंनी, आणि येऊन सांगितलं की होईल, पण तीन आठवडे लागतील आणि शुक्रवारची दुपार सोडायची नाही. ताई म्हणाली, "ठीक." एवढंच. तो एक शब्द ऐकून मी त्या दिवशी घरी चालत गेले, बस सोडून.

पडदा मावशींनी कापला. लावायला आम्ही सगळेच गेलो. उंच शिडीवर दोन कामगार होते, तरी ताई चार पायऱ्या वर गेलीच, कड्या तपासायला. गुडघा काही बोलला नाही.

मुख्याध्यापिका म्हणजे उंच, गंभीर, चष्म्यावरून बघणाऱ्या बाई. त्यांनी स्वतः दोरी ओढली. दोन्ही बाजूंचा पडदा लाटेसारखा सरकत आला आणि मधोमध मिळाला. फट नाही, खाली लोळणं नाही. बाईंनी उघडला. परत बंद केला. परत उघडला. पाचव्या वेळी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी मुलं नाहीत ना, आणि सहाव्यांदा ओढला.

मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. ते उठून जवळ जातील, कडा चिमटीत धरून पाहतील, याची मी वाट बघत होते. ते उठले नाहीत. पाय लांब करून, हात पोटावर ठेवून पडद्याकडे बघत राहिले, तिकीट काढून आलेल्या माणसासारखे. मावशी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"काही बोला की," त्या म्हणाल्या. "आता कुणी अडवत नाही."

मास्तरांनी थोडा विचार केला.

"रंग छान आहे," ते म्हणाले.